प्लॅस्टिकचं लग्न जमवणारा मध्यस्थ

दोस्तांनो, न्हाणीघरात जा आणि शाम्पूची रिकामी बाटली घेऊन या पाहू. रिकामीच हं! भरलेली आणलीत, तर घरचे आधी मला शोधत येतील.

आणलीत? आता बाटली दाबून बघा. जराशी मेणचट लागते ना? आता तिचं झाकण बघा. टिचकीसरशी उघडणारं, पण बाटलीपासून सुटं न होणारं झाकण. त्याच्या बिजागरीत खिळा नाही, स्क्रू नाही. प्लॅस्टिकचाच एक पातळ पापुद्रा आहे. तो रोज वाकतो, उलगडतो, पुन्हा वाकतो आणि तरी महिनोन्‌महिने तुटत नाही.

आपण दोन्हींना सरसकट ‘प्लॅस्टिक’ म्हणतो. पण ही दोन वेगवेगळी प्लॅस्टिकं आहेत. अशी बाटली बहुतेक वेळा पॉलिथिनची असते आणि तिचं झाकण पॉलिप्रॉपिलीनचं. हजारो वेळा वाकणारी ती बिजागरी पॉलिप्रॉपिलीनला छान जमते, म्हणून झाकणासाठी त्याची निवड. बाटलीच्या बुडाशी तीन बाणांचा त्रिकोण आणि त्यात एक आकडा दिसतोय का? ही खुणेची पद्धत १९८८ साली अमेरिकेत सुरू झाली आणि मग जगभर पसरली. त्यात २ आणि ४ हे आकडे पॉलिथिनचे, ५ पॉलिप्रॉपिलीनचा, तर १ आकडा पाण्याच्या बाटलीच्या ‘पेट’ प्लॅस्टिकचा.

आता बाटली गेली भंगारवाल्याकडे. पुढे काय होतं? प्लॅस्टिकचे तुकडे करतात, धुतात आणि पाण्यात टाकतात. पेटचे तुकडे तळाशी जातात, कारण पेट पाण्यापेक्षा जड. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन मात्र पाण्यापेक्षा हलकी. दोघंही वर तरंगतात! म्हणजे पाण्यानं पेट वेगळं काढून दिलं, पण ही जोडगोळी एकमेकांत मिसळलेलीच राहिली. जगात जेवढं प्लॅस्टिक तयार होतं, त्यातलं निम्म्याच्या आसपास या दोघांचंच असतं, बरं का! तेव्हा हा प्रश्न काही एका शाम्पूच्या बाटलीचा नाही.

तुम्ही म्हणाल, ‘मग दोन्ही एकत्र वितळवा आणि करा त्याची बादली! हाय काय अन्‌ नाय काय!’

तसं करता येतं. पण ती बादली पाणी भरून उचलली, जरा कुठं आपटली, की तडकते. आणि गंमत म्हणजे, नुसत्या पॉलिथिनची पट्टी ओढली तर ती तुटण्याआधी आपल्या लांबीच्या कितीतरी पट ताणली जाते. नुसत्या पॉलिप्रॉपिलीनचीही तशीच. दोघांच्या मिश्रणाची पट्टी मात्र जेमतेम ताणली, की कट्‌! दोन चिवट गोष्टी एकत्र केल्या आणि निघालं काय, तर ठिसूळ. हे कसं?

याचं उत्तर शोधायला आपण मिसळीच्या बशीत डोकावू. नावातच ‘मिसळ’ असली, तरी तिच्यात दोन गोष्टी कधीच मिसळत नाहीत: रस्सा आणि त्याच्यावरची लालभडक तर्री. चमच्यानं कितीही ढवळा, घटकाभरात तेल पुन्हा वर. पाण्याच्या रेणूंना तेलाचे रेणू मानवत नाहीत, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तर एकाच गोत्रातली! दोघांतही फक्त कार्बन आणि हायड्रोजन. दोघांच्याही लांबच लांब साखळ्या. फरक एवढाच, की पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीत एकाआड एक कार्बनला एक छोटीशी फांदी फुटलेली असते: एक कार्बन, तीन हायड्रोजन. बस्स. एवढ्याशा फांदीवरून इतका दुरावा?

दुरावा तसा लहानच असतो. खरी मेख आहे साखळीच्या लांबीत. एक डबा घ्या. त्यात शंभर लाल आणि शंभर निळे सुटे मणी टाका आणि हलवा. मिसळले की नाही? सुट्या मण्यांना कुठंही जाऊन बसता येतं, त्यामुळे मिसळण्याचे अक्षरशः अगणित प्रकार होतात. आता सगळे लाल मणी एका दोऱ्यात ओवा, निळे दुसऱ्या दोऱ्यात आणि पुन्हा डबा हलवा. गुंता होईल, पण लाल मण्याचा शेजारी लालच राहणार. दोऱ्यानं त्याला बांधून ठेवलंय ना!

रेणूंचंही असंच. रेणू सुटे असले, तर एकमेकांविषयी थोडी नावड असूनही मिसळण्याची ओढ त्या नावडीवर मात करते. पण प्लॅस्टिकच्या एकेका साखळीत हजारो कड्या. साखळीला मोकळेपणानं इकडेतिकडे पसरता येत नाही, म्हणून मिसळण्याची ओढ जवळजवळ संपते. नावड मात्र कडीगणिक वाढत जाते. एका कडीला चिमूटभर नावड, तर हजार कड्यांना हजार चिमटी! हे गणित पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतंत्रपणे मांडलं. फ्लोरींना पुढे १९७४ साली रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. कुठलीही दोन प्लॅस्टिकं घेतली, तर ती बहुधा मिसळणार नाहीत, हेच यातून निघतं. मिसळणाऱ्या जोड्या आहेत, पण थोड्या.

तर आपण ७० भाग पॉलिथिन आणि ३० भाग पॉलिप्रॉपिलीन यंत्रात वितळवून घुसळलं. आत काय तयार झालं? पॉलिथिनच्या रसात पॉलिप्रॉपिलीनचे थेंब. रस थंड झाला, थेंब जागच्या जागी घट्ट झाले. बाहेरून बघाल तर एकजीव वाटेल. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र थेंबच थेंब.

शेंगदाण्याची चिक्की आठवा. चिक्की कशानं टिकते? गूळ शेंगदाण्याला घट्ट धरतो म्हणून. आता समजा, गुळानं शेंगदाण्याला धरलंच नाही. नुसता शेजारी बसला. मग ती चिक्की चिक्की राहील का? प्रत्येक शेंगदाणा म्हणजे तिच्यात पाडलेलं एक भोकच! ओढलं की शेंगदाणा सुटला, भोक उघडं पडलं आणि तिथून तडा निघाला. आपल्या बादलीचं हेच झालं. प्लॅस्टिकच्या साखळ्या शिजलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत अडकलेल्या असतात. एक ओढावी तर दहा लोंबत येतात. त्या गुंत्यातूनच प्लॅस्टिकला चिवटपणा येतो. पण थेंबाच्या सीमेवर गुंता नाही. इकडच्या शेवया इकडे, तिकडच्या तिकडे. वस्तू तुटते ती या सीमेवर.

मग इलाज? आपल्याकडे लग्न जमत नसलं की काय करतात? दोन्ही घरांत ऊठबस असलेला मध्यस्थ गाठतात! मिसळीच्या बशीतला मध्यस्थ तुम्ही रोज पाहता. खाऊन झाल्यावर बशी नुसत्या पाण्यानं धुतली तर तेलकटपणा जात नाही. साबण लावला की जातो. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याच्या पक्षाचं, दुसरं तेलाच्या. तो बरोबर सीमेवर उभा राहतो आणि दोघांचे हात हातात धरतो.

प्लॅस्टिकसाठीही असे रेणू असतात. कारखान्यांत त्यांना कॉम्पॅटिबिलायझर म्हणतात. नाव बोलताना जिभेला गाठ पडते, म्हणून आपण त्याला मध्यस्थच म्हणू. हा मध्यस्थ म्हणजे एक जोडसाखळी. तिचा एक भाग पहिल्या प्लॅस्टिकच्या जातीचा, दुसरा भाग दुसऱ्याच्या. वितळलेल्या रसात तो सीमेवर जाऊन बसतो आणि दोन कामं करतो. यंत्र घुसळत असताना थेंब सारखे फुटत असतात आणि पुन्हा एकमेकांत मिळून मोठेही होत असतात. मध्यस्थ थेंबांवर अस्तर धरतो आणि त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही, म्हणून थेंब बारीक राहतात. आणि रस थंड झाल्यावर त्याची दोन टोकं दोन्हीकडच्या गुंत्यात अडकून बसतात. सीमा शिवली जाते म्हणा ना! चिक्कीतल्या गुळानं शेंगदाण्याला धरलं. आता वस्तू ओढली तर ताण एकीकडून दुसरीकडे पोचतो. तडा पडायला सोपी जागाच उरत नाही.

‘शिवली जाते’ हे शब्द लक्षात ठेवा, त्यांच्याकडे आपण परत येणार आहोत.

हा मध्यस्थ तुमच्या घरात आधीच येऊन राहिलाय. सीडीचं जुनं पारदर्शक कव्हर घरात कुठं असेल तर आठवा. ते पॉलिस्टायरीनचं. काचेसारखं स्वच्छ, पण हातातून पडलं की कोपरा गेलाच. या ठिसूळ पॉलिस्टायरीनमध्ये थोडं रबर घातलं तर ते चिवट होईल, असं वाटतं ना? पण रबर नुसतं ढवळून फार उपयोग होत नाही, सीमेचं रडगाणं तिथंही आहेच. म्हणून एक युक्ती करतात. पॉलिस्टायरीन ज्यापासून बनतं, त्या स्टायरीन नावाच्या द्रवात आधी रबर विरघळवतात आणि मग स्टायरीनच्या साखळ्या बनू देतात. त्यातल्या काही साखळ्या रबराच्या अंगावरच उगवतात, वडाच्या फांदीला पारंब्या फुटाव्यात तशा. म्हणजे मध्यस्थ बाहेरून आणावा लागत नाही, तो मांडवातच तयार होतो!

या रबरमिश्रित पॉलिस्टायरीनवर आघात झाला, की रबराच्या एकेका गोळीपाशी शेकडो अतिसूक्ष्म चिरा उमटतात. एकच मोठा तडा आरपार जाण्याऐवजी आघाताची शक्ती या शेकडो चिरांमध्ये खर्च होते. असल्या प्लॅस्टिकची पट्टी वाकवली, की वाकल्या जागी ती पांढुरकी होते. तो पांढुरका डाग म्हणजेच त्या चिरा. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. रबराच्या गोळ्यांवर प्रकाश विखुरतो, त्यामुळे पारदर्शकपणा जातो. थोडा कडकपणाही जातो. कित्येक फ्रिजांची आतली पांढरी भिंत याच प्लॅस्टिकची असते. तिच्यातून आरपार दिसत नाही ते काही फक्त रंगामुळे नाही.

याचाच चुलतभाऊ ए.बी.एस. लेगोच्या विटा १९६३ सालापासून त्याच्या बनू लागल्या. आईबाबांनो, हे खास तुमच्यासाठी: दुचाकी चालवताना घालायच्या अनेक हेल्मेटांचं बाहेरचं कवच ए.बी.एस.चं असतं. त्यातही रबराचे बारीक कण असतात आणि त्यांना भोवतालच्या प्लॅस्टिकशी बांधणाऱ्या जोडसाखळ्या असतात. त्या नसत्या, तर रस्त्यावर आपटल्यावर कवचाला तडा किती सहज गेला असता, याची कल्पना करा.

नायलॉनची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या साखळीच्या टोकाशी एक रासायनिक आकडा असतो. दुसऱ्या प्लॅस्टिकला त्या आकड्यात अडकेल अशी कडी आधीच लावून ठेवली, की दोन्ही एकत्र वितळताना यंत्रातच त्यांची गाठ बसते. १९७० नंतर अशा तऱ्हेनं रबर बांधून फार चिवट नायलॉन तयार होऊ लागलं.

पण आपलं पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन? त्यांच्याकडे ना आकडा, ना कडी. दोघंही अगदी अलिप्त. त्यांच्यासाठी बाजारात मध्यस्थ आहेत, पण मनाजोगता मिळणं अवघड होतं. तो २०१७ साली अमेरिकेत घडवला गेला. कॉर्नेल विद्यापीठातले जेफ्री कोट्स, मिनेसोटा विद्यापीठातले फ्रँक बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलं.

त्यांनी काय केलं? गजरा ओवताना थोडा मोगरा, मग थोडी अबोली, पुन्हा मोगरा, पुन्हा अबोली असं ओवतात ना, अगदी तसं. हाफ्नियम धातू असलेल्या एका उत्प्रेरकानं साखळी वाढवायची. आधी एक वायू द्यायचा, मग दुसरा, पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. की तयार झाली चार तुकड्यांची साखळी: पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन.

दोन तुकडे पुरले नसते का? चार कशाला? आता ते ‘शिवणं’ आठवा. सुईतला दोरा कापडातून एकदाच आरपार नेला आणि गाठ मारली नाही, तर ओढल्यावर सुळकन निघून येतो. पण तोच दोरा खाली, वर, पुन्हा खाली असा फिरवला की टाका बसतो. दोन तुकड्यांची साखळी आखूड असली तर त्या सुट्या दोऱ्यासारखी उपसून येते. चार तुकड्यांची साखळी सीमा ओलांडते, परत येते, पुन्हा ओलांडते. मधल्या वळशांमध्ये दोन्हीकडच्या साखळ्या अडकतात. पक्का टाका!

याची परीक्षा त्यांनी फार झकास घेतली. एक पट्टी पॉलिथिनची, एक पॉलिप्रॉपिलीनची. दोन्हींच्या मध्ये या नव्या रेणूचा पातळ थर ठेवून त्या उष्णतेनं जोडल्या आणि मग ओढल्या. जोड सुटलाच नाही, त्याआधी पट्टीच फाटली! आणि ७० : ३० च्या त्या ठिसूळ मिश्रणात शंभर भागांना फक्त एक भाग हा मध्यस्थ घातला, तर तेच मिश्रण चिवट झालं. शंभरात एक! वर्गात शंभर भांडखोर मुलं असतील आणि एकच समजूतदार मूल येऊन सगळ्यांना शांत करील, तर गुरुजी त्याची आरतीच ओवाळतील.

इतका थोडा कसा पुरतो? कारण त्याला काम सगळीकडे नाही, फक्त सीमेवर आहे. सीमा भरून गेली, की जास्तीचा मध्यस्थ इकडेतिकडे घोळके करून नुसता बसून राहतो. म्हणून ‘थोडा घातला तर चांगलं, मग भरपूर घातला तर आणखी चांगलं’ हा हिशेब इथं चालत नाही. भाजीत मिठाचं जसं, तसं.

हे वाचून कुणाला वाटेल, ‘चला, आता कचरा वेगळा करायची कटकट गेली! सगळं एकत्र वितळवा, मध्यस्थ टाका.’ मला ते पटत नाही. एक तर प्रत्येक जोडीचा मध्यस्थ वेगळा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीनचं जमवणारा पेट आणि पॉलिथिनच्या लग्नात पाऊलही टाकणार नाही. आणि आपल्या कचऱ्याच्या पिशवीत दोनच का प्लॅस्टिकं असतात? वेफरच्या एका पाकिटातच वेगवेगळे थर आणि धातूचा मुलामा असतो. शिवाय उन्हानं, उष्णतेनं जुन्या प्लॅस्टिकच्या साखळ्याच तुटलेल्या असतात, त्या मध्यस्थाला सांधता येत नाहीत. रंग आणि वासही तो काढत नाही. आणि असे मुद्दाम घडवलेले रेणू स्वस्त नसतात.

म्हणून मुंबईत धारावीला किंवा तुमच्या गावच्या भंगाराच्या दुकानात प्लॅस्टिक निवडत बसलेल्या माणसांचं काम मला मोठं वाटतं. हातानं वाकवून, मोडून, आवाज ऐकून ती ओळखतात की हे कुठलं प्लॅस्टिक. दुधाच्या पिशव्या वेगळ्या धुऊन दिल्या तर त्यांना भाव येतो, कारण त्या जवळजवळ निव्वळ पॉलिथिनच्या असतात. तिथं मध्यस्थाची गरजच नाही. ज्या मिश्र प्लॅस्टिकला कुणी घेत नाही, त्यातलं काही शेवटी सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातं. तुमची शाम्पूची बाटली मात्र कितीही नीट निवडली, तरी तिचं झाकण तिच्यासोबत जाणारच. मध्यस्थाची खरी गरज आहे ती अशा जोड्यांना.

आता हाताला थोडं काम. प्लॅस्टिक वितळवायचं किंवा जाळायचं नाही हं, त्याचा धूर वाईट असतो! आपण तेलापाण्यावरच प्रयोग करू. झाकणाच्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या. दोन्हींत अर्धी बाटली पाणी आणि चार चमचे खायचं तेल घाला. एकीत भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याचे आठदहा थेंब टाका. झाकणं घट्ट लावून दोन्ही बाटल्या सारख्याच जोरानं शंभर वेळा हलवा. कुठल्या बाटलीतले तेलाचे थेंब मोठे, कुठल्या बारीक? कुठलं पाणी दुधासारखं पांढुरकं झालं? तेल पुन्हा वर यायला दोन्हींत किती मिनिटं लागतात, घड्याळ लावून वहीत लिहा. मग साबणाची बाटली रात्रभर तशीच राहू द्या आणि सकाळी बघा.

सकाळी त्या बाटलीतही वर एक पांढरट थर जमलेला दिसेल. मध्यस्थ असूनही थेंब हळूहळू वर गेलेच! मग बादलीतले प्लॅस्टिकचे थेंब वर्षानुवर्षं जागच्या जागी कसे राहतात? जरा डोकं खाजवा. एक खूण सांगून ठेवतो: बादलीचं प्लॅस्टिक यंत्रातून बाहेर पडल्यावर त्याचं पुढं काय होतं, ते आठवा. उत्तर पुढच्या आठवड्यात.